आल्बीपर्यंत एकही सर्कल नाही

रविवार, १२ जानेवारी १९९७

ठरलं म्हणे. मे महिन्यात फ्रान्स! ह्यांना लॅबतर्फे तुलूजला तीन आठवडे काम आहे. ते संपता संपता मी इथून निघायचं, आणि मग बारा दिवस भाड्याची गाडी घेऊन दोघांनी दक्षिणेच्या खेड्यापाड्यांतून हिंडायचं. चौदा वर्षांपूर्वी हे तिथे सहा महिने एकटे राहून आले, तेव्हापासून कबूल केलेलं.

जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला. मीठ, लोणचं, पोळ्यांचा डबा — सगळं ओट्यावर. "हे बघ आसावरी, ह्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी एवढी झाडं आहेत की ऊन खाली पोचतच नाही." मी बघितलं. पिवळी रेघ होती.

आनंद झाला का? झाला. पण माझा आनंद नेहमी उशिरा येतो, आणि आला की आधी काय बिघडेल ते शोधतो.

गुरुवार, १६ जानेवारी

दर दिवसाचं एक कार्ड! विमानाच्या चाचणीआधी करतात तसं. रकाने आखलेत — अंतर, पेट्रोल, दुपारचं जेवण, मुक्काम, नकाशा वाचणार कोण, गाडी चालवणार कोण. नकाशा वाचणार मी. चालकाचा रकाना बाराही कार्डांवर रिकामा.

"इथे तुमचं नाव?"

"त्यात काय लिहायचंय," म्हणाले.

वाण्याच्या यादीतसुद्धा ह्या माणसाने कधी रकाना रिकामा सोडलेला नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

गाडीच्या डाव्या दाराला ओरखडा. महिन्यात दुसरा. "फाटकाचा खांब आत सरकलाय," म्हणून हसले. मीही हसले. का हसले?

सोमवार, २७ जानेवारी

आजपासून हे लॅबच्या बसने जाणार. "बसमध्ये वाचता येतं." बावीस वर्षं बसला नावं ठेवणारा माणूस!

रात्री पाण्याचा पेला सांडला. डाव्या हाताशी ठेवला होता. दिसलाच नाही त्यांना. मला तसं वाटलं, की खरंच तसं होतं?

शनिवार, १ फेब्रुवारी

जे करायला नको होतं ते केलं. नकाशाची पुठ्ठ्याची नळी उघडली. निमित्त धूळ पुसण्याचं, पण धूळ नव्हती. आत नकाशाच्या गुंडाळीत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. त्यावर डॉक्टरांचं अक्षर — डावा डोळा, दिवसातून दोनदा. तारीख नोव्हेंबरची.

नोव्हेंबर! म्हणजे दिवाळीत माझ्याबरोबर आकाशकंदील लावला तेव्हा माहीत होतं.

बाटली होती तशी ठेवली. हात धुतले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कॉलेजात माझ्याबरोबर शिकवणाऱ्या प्रतिमाला विचारलं — तिच्या आईला तेच थेंब आहेत. माझ्या एका मावशीचं आहे असं सांगितलं. खोटं बोलताना माझे कान तापतात. तिला कळलं असावं.

"काचबिंदू," म्हणाली. "थेंबांनी आहे ते टिकतं. गेलेली नजर परत येत नाही गं. कडेकडेने जाते आधी, त्यामुळे माणसाला बरेच दिवस कळत नाही."

ह्यांना कळलंय. मला कळलंय. आणि संध्याकाळी आम्ही दोघं भिंग घेऊन कार्कासोनजवळची खेडी बघत बसलो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बोलायला हवं. कसं? "मी तुमची नळी उघडली" इथून सुरुवात करावी लागेल. आणि मग त्यांना नकाशा मिटावा लागेल, माझ्यादेखत. मला ते बघवणार नाही. हा त्यांचा विचार झाला, की माझाच भित्रेपणा?

माझ्याकडेही एक खोटं आहे, ते इथे तरी लिहावं. माझ्याकडे गाडीचा परवाना आहे. १९८४चा, पुण्याचा. मी एकही परीक्षा दिली नाही. एजंटाने घरपोच आणून दिला, वर "वहिनी, पेढे द्या" म्हणाला. बारा वर्षं तो कपाटात आहे. मुलांना कॉपी करताना पकडते तेव्हा तो आठवतो. गाडी मला येत नाही.

पण कागदावर तरी येते.

सोमवार, १० फेब्रुवारी

लॅबच्या फाटकापाशी नागोजीरावांची मोटार शिकवायची शाळा आहे. शाळा म्हणजे एक बाक, एक पाटी, एक जुनी फियाट. नागोजीरावांचं घराणं दोन-तीनशे वर्षं इथलंच, बेंगळूरचं, मराठी अर्धं कानडीतून बोलतात. आज पहिला दिवस. घरी सांगितलं, फिरायला जाते.

"परवाना आहे? मग शिकायचं काय अक्का?"

"तो... तसाच मिळालेला आहे."

"हां, तसा!" एवढे मोठ्याने हसले की समोरच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. "सरी, सरी, ठीक आहे. लाजू नका. अर्ध्या बेंगळूरचा तसाच आहे."

घरी बोलू नका, एवढं त्यांना बजावलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

व्हाइटफील्डच्या रस्त्यावर सकाळी चिटपाखरू नसतं. सरळ जमतं. गिअर जमतात. सर्कल आलं की सगळं जातं! चार बाजूंनी गाड्या, कोण आधी जाणार कळत नाही. आज मधोमध बंद पडली. मागे लॅबची बस. हॉर्न!

"अक्का, स्वल्प धीर धरा. सर्कल पळून जात नाही. तुम्हीही पळू नका."

घरी आले तर हे दाढी करत होते. लॅबला उशिरा जाणार होते का? नाही, बस चुकली म्हणाले. "आज कुठवर गेलीस?" "तळ्यापर्यंत." "बेळ्ळंदूरच्या? लांब गेलीस की!" मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं. हल्ली तसंच बघतात.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सगळी कार्डं फाडली! बाराही. नव्याने करायला घेतलीत. काय चुकलं विचारलं तर म्हणाले, "रस्ते बदलतोय थोडे."

मंगळवार, ४ मार्च

नवी कार्डं झाली. मी संख्याशास्त्र शिकवते, अंतरं न जुळणं मला झोपू देत नाही. तुलूज ते आल्बी सरळ मार्गाने ऐंशीच्या आत. ह्यांच्या कार्डावर एकशे एकोणीस! दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. वळसे का?

उत्तर टेबलावरच होतं. तुलूजच्या सहकाऱ्याचा फॅक्स. इंग्रजीत लिहिलं होतं — प्रिय सूर्यकांत, यादी जोडली आहे, पण आमच्या गोल चौकांशी तुमचं काय भांडण आहे?

हे सर्कल टाळतायत! एकूण एक. आल्बीपर्यंत एकही सर्कल नाही. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, सर्कलमध्ये त्या डावीकडून अंगावर येतात. डावीकडून! आणि ह्यांनी खेड्यांतले रस्ते घेतलेत, कारण तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा नियम आहे. "फार सभ्य नियम," जेवताना म्हणाले होते.

म्हणजे हे चालवणारच. एका डोळ्याने, नकाशा वळवून वळवून. माझा माणूस असा नाही. असा नव्हता.

शनिवार, १५ मार्च

आज मी बोलणार होते. चहा झाला. ह्यांनी एका गढीचा फोटो दाखवला, म्हणाले, "हिच्यासमोर गाडी लावायची आणि नुसतं बसायचं. चौदा वर्षांपूर्वी बसलो होतो तेव्हा शेजारची जागा रिकामी होती." मग मी काय बोलणार?

सोमवार, १७ मार्च

सर्कल. दोनदा बंद पडली.

शुक्रवार, २८ मार्च

आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसून एकच सहल ठरवतोय आणि दोघांपैकी कुणीच खरं बोलत नाही. मी तिथे गेल्यावर किल्ली मागणार का? मागितली तर त्यांचा अपमान. नाही मागितली तर? आणि जिला मारतहळ्ळीचं सर्कल पार करता येत नाही, तिने किल्ली मागावी तरी कशाच्या जोरावर! तिकीट रद्द करावं, आजारी पडावं — हेही मनात येऊन गेलं. काहीच केलं नाही. पापड भाजले.

रविवार, ६ एप्रिल

आज सर्कल जमलं. लागोपाठ सात वेळा! नागोजीरावांनी आपल्या पायाखालच्या ब्रेकवरून पाय काढून मांडी घातली. "बघा, मी बसलोय पाहुण्यासारखा."

मग म्हणाले, "आता साहेबांना सांगतो, रस्ता सरळ केला तरी चालेल."

कुठले साहेब? कुठला रस्ता?

"तुमचेच साहेब! रोज टपरीवर भेटतात. बसमधून बघितलं त्यांनी तुम्हाला, दुसऱ्याच आठवड्यात, सर्कलमध्ये. बस सोडून उतरले, झाडाखाली उभे राहिले. तेव्हापासून रोज विचारतात, अक्का कुठे अडतात? मी सांगितलं, सगळं सरी आहे, फक्त सर्कलला घाबरतात."

"मी तुम्हाला घरी बोलू नका म्हटलं होतं!"

"घरी कुठे बोललो अक्का? टपरीवर बोललो."

मी फियाटमध्येच बसून राहिले. एकोणीस फेब्रुवारीला बस चुकली. सव्वीसला कार्डं फाडली. मी तारखा स्वतःच लिहून ठेवल्यात आणि मलाच जुळवता आल्या नाहीत. ते वळसे त्यांच्या डोळ्यासाठी नव्हते. आणि तो रिकामा रकाना — पहिल्या दिवसापासून ते स्वतःचं नाव घालणार नव्हतेच. माझं घालायला 'गाडी शिकशील का' विचारावं लागलं असतं, आणि विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत होते! वरचं वाचवत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल. पाडवा.

गुढी उभारली. मग नळीतून नकाशा काढला, बाटली काढून उघड्यावर टेबलावर ठेवली. चालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि आल्बीच्या वाटेवर तीन सर्कलं परत घातली. ह्यांनी बाटलीकडे बघितलं. मग खुर्ची ओढून माझ्या उजवीकडे बसले, तिथल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत बसतील तसे. म्हणाले, "उजवीकडचं मी सांगत जाईन. डावीकडचं सगळं आता तू बघ."