गेटवरचा पांडा

९ सप्टेंबर, मंगळवार

कुलूप!! दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या टॉयलेटला चक्क कुलूप. आत जणू सोनंनाणं ठेवलंय. दारावर कागद – "गैरवर्तनामुळे बंद. जबाबदार विद्यार्थिनी पुढे येईपर्यंत उघडले जाणार नाही."

झालं असं, की काल पाइप परत तुंबला. प्लंबरने आतून पॅड काढले. आज परिपाठ संपल्यावर मोठ्या बाईंनी मुलग्यांना वर्गात पाठवलं आणि आम्हा आठवी ते दहावीच्या मुलींना थांबवलं. "घरी असंच करता का? लाज नाही वाटत?" कोणी वर बघत नव्हतं. मी पण नाही. आणि मी शाळेच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री! खरं तर क्रीडामंत्री व्हायचं होतं मला. मतं कमी पडली आणि हे गळ्यात आलं. आता बाई म्हणतात, "दर्शना, कोणाचं काम आहे ते तू शोधून काढ." मी काय पोलीस आहे?

१० सप्टेंबर, बुधवार

आता खालचं एकच टॉयलेट. पहिलीच्या पिल्लांपासून दहावीच्या ताईंपर्यंत सगळ्या एका रांगेत. घंटा झाली तरी नंबर आला नाही. गणिताचा तास कसा काढला ते माझं मला माहीत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रुचिताने शाळेत पाणी पिणंच बंद केलंय. माझ्या शेजारी बसते म्हणून मला कळलं, नाहीतर ती काय सांगणारे! बाटली भरून आणते आणि भरलेलीच घरी नेते. वर मलाच म्हणते, "लोड नको घेऊ गं. सवय होते." कसली सवय? उंटाची?

"आणि पाळी आली की?"

"मग घरीच राहायचं."

इतकं सोप्पं करून सांगितलं, की मला तिचाच राग आला. डबा नीट खाल्ला नाही मी.

बाईंनी सांगितलेलं काम मात्र केलं. विचारत फिरले. जिला विचारावं ती आधी म्हणते, "मी नाही हां!" मग इकडेतिकडे बघून हळूच, "पण टाकणार कुठे?" आता बाईंना नाव कोणाचं सांगू? सगळ्यांचंच सांगावं लागेल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रुचिता कालपासून आली नाही. संध्याकाळी फोन केला तर तिच्या आईने उचलला. थंडी वाजून ताप आलाय. युरिन इन्फेक्शन. सलाईन लावलंय. "डॉक्टर ओरडले गं, पाणी का पीत नाही म्हणून. तू कोणाला बोलू नकोस हां बाळा." आवाज इतका बारीक, जसं काही मुलीने चोरी केलीय.

मी फोन ठेवला आणि खूप रडले. आजीने विचारलं, तिला सगळं सांगितलं. ती म्हणे, "आमचे टायमाला शालाच नव्हती, त संडास कुठचं! पन तुमाला हाय ना? मंग बंद कशाला?"

१७ सप्टेंबर, बुधवार

सापडलं!! आणि कुठे सापडलं – गेटवर!

मधल्या सुट्टीत केळ्याचं साल टाकायला गेटजवळच्या पांडाकडे गेले. हा पांडा म्हणजे कचऱ्याचा डबा. पायाने दाबलं की झाकण उघडतं, म्हणजे पांडा आ करतो. मी दाबलं आणि तशीच उभी राहिले. असला झाकणाचा डबा पूर्ण शाळेत एकच होता. आमच्या वरच्या टॉयलेटमध्ये, कोपऱ्यात!

जुलैमध्ये सुंदर शाळा स्पर्धेची तपासणी होती. चित्रकलेचे सर म्हणाले, "शाळेतले चांगले डबे गोळा करा रे, रंगवून गेटवर मांडू." आमचं मंत्रिमंडळ निघालं शाळाभर. मुलग्यांना मुलींच्या टॉयलेटमध्ये जाता येईना, म्हणून आम्ही मुलींनीच तो डबा उचलून दिला. घासला, धुतला, काळा-पांढरा रंगवला. बाई म्हणाल्या, वा! तपासणीला आलेल्या साहेबांनी पांडासोबत सेल्फी काढला. शाळेचा दुसरा नंबर आला. टाळ्या! आणि पाइप तुंबायला लागला तो त्यानंतरच. एवढ्या सगळ्यांत एकालाही सुचलं नाही, की अगं, तो तिथे कशाला ठेवला होता?

हसावं की डोकं आपटावं कळेना. शेवटी हसले. शेजारून जाणारी पाचवीची मुलगी घाबरली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सर्वेशला सांगितलं. तो आमचा मुख्यमंत्री, दहावीतला. म्हटलं, चल बाईंकडे. त्याचे कान लाल. "अगं, हे मी कसं बोलू? तू बोल ना. मी बाजूला उभा राहतो." आणि खरंच राहिला. पूर्ण वेळ पंख्याकडे बघत होता, पण कल्टी नाही मारली. बाकीचे मंत्री तर जिन्यातूनच पळाले.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डब्याचं बघू. पण शिस्त ती शिस्त. आधी कोणी टाकलं ते कळू दे." मी तोंड उघडलं तर हात वर केला. "शनिवारी पालकसभा आहे. वर्तणुकीचे नियम वाचायचेत. आरोग्याचे तू वाच. खणखणीत आवाजात."

डब्याचं बघू म्हणे! रुचिता सलाईनवर आणि ह्यांचं बघू.

२० सप्टेंबर, शनिवार

अक्षर बघा काय आलंय.

पालकसभेत हॉल भरलेला. मी माइकवर. पहिला नियम वाचला, दुसरा वाचला. तिसरा – "विद्यार्थिनींनी वापरलेल्या वस्तू योग्य ठिकाणी टाकाव्यात." इथे माझी गाडी अडली. आणि तोंडातून गेलंच, "पण ते योग्य ठिकाण आता गेटवर पांडा झालंय."

कोणीतरी हसलं. मग मला थांबताच येईना. डबा, कुलूप, रांग, पाणी न पिणाऱ्या मुली, घरी बसणाऱ्या मुली – सगळं सांगितलं. पॅड हा शब्द माइकमधून इतका मोठा ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. शेवटी म्हणाले, "माझी मैत्रीण त्यामुळे आजारी पडलीय. तिला सलाईन लावलंय."

आणि तेव्हा दिसले मला रुचिताचे बाबा. खोपटच्या एसटी डेपोत कंडक्टर आहेत ते, ड्युटीवरून तसेच आलेले, खाकी कपड्यांत. मान खाली. आजूबाजूच्या दोन आया वळून त्यांच्याकडेच बघायला लागल्या. सगळ्यांना कळलं कोण मैत्रीण ते! ते उठले आणि कोणाकडे न बघता निघून गेले.

बाई एवढंच म्हणाल्या, "खाली बस, दर्शना."

कोणाला बोलू नकोस, असं तिच्या आईने सांगितलं होतं. आणि मी माइकवर बोलले!

२१ सप्टेंबर, रविवार

रुचिताचा फोन. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तू नाव नाही घेतलंस गं. पण कळलं ना सगळ्यांना." बाबा सभेतून थेट घरी गेले. जेवताना फक्त म्हणाले, "दिवाळीनंतर हिला माजिवड्याच्या शाळेत घालू." विषय संपला.

पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसतो.

आजी म्हणते, "खोटं बोललीस का? नाय ना? मंग रडतंस कशाला?" खरं बोलून पण रडायला येतं, आजी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कुलूप निघालं! बाईंनी स्वतः काढलं.

परिपाठाला त्यांनी ह्या वेळी मुलग्यांना पण थांबवून ठेवलं. म्हणाल्या, "मुलांनी कसं वागायचं ते आम्ही लिहिलं. शाळेने कसं वागायचं ते लिहायचं राहून गेलं. ही चूक माझी आहे." मोठ्या माणसाने माइकवर चूक म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

झाकणाचे नवीन डबे आलेत. कागदात गुंडाळायला घरून जुने पेपर आणायचे, ते कोनाड्यात ठेवायचे. रोज दोन मुलींनी बघायचं – पाणी आहे का, पेपर आहेत का, झाकण लागतं का. मुलग्यांनी त्यांच्या टॉयलेटचं, शिक्षकांनी त्यांचं. साफ करणाऱ्या गोदूमावशींना हातमोजे. मावशी म्हणाल्या, "पांडा राहू द्या हां गेटवर. पोरं कचरा त्याच्याच तोंडात टाकतात."

शिक्षकांमध्ये पहिली ड्युटी कोणाची? मोठ्या बाईंची!

मी खूश व्हायला पाहिजे. आहे पण. फक्त बाकावर शेजारी कोणी नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दहावीच्या दोघी ड्युटी टाळून पळत होत्या. जिन्यात गाठलं. "तू कोण गं?" म्हटलं, आरोग्यमंत्री! हसल्या, पण गेल्या ड्युटीला. सर्वेश सांगत होता, मुलग्यांच्या इथे गळणाऱ्या नळाला त्याने सायकलची ट्यूब बांधलीय. मोठी फुशारकी. ते टिकेल असं वाटत नाही, पण बांधली हे खरं.

२९ सप्टेंबर, सोमवार

एकदाही तुंबलं नाही. नववीतली ऐश्वर्या दर महिन्याला घरी राहायची, ती आज आली होती. जाताना मला नुसती मान हलवून दाखवली. मला इतकं बरं वाटलं, की घरी येईपर्यंत एकटीच गुणगुणत होते. रुचिताचा ताप गेलाय, पण अशक्त आहे. दाखल्याचा अर्ज तिच्या बाबांनी नेलाय म्हणे. मी तिला विचारलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

रुचिताचा फोन! काल तिचे बाबा माजिवड्याच्या शाळेत प्रवेश घ्यायला गेले होते. ऑफिसात मॅडमनी अर्ज पुढे केला. बाबांनी हात नाही लावला. म्हणाले, "आधी मुलींचं टॉयलेट दाखवा. आत झाकणाचा डबा आहे का?" मॅडम बघतच राहिल्या. शिपाई चावी शोधायला गेला, तो आलाच नाही.

बाबा घरी आले. पाणी प्यायले आणि तिच्या आईला म्हणाले, "त्या दर्शनाच्या शाळेतच जाऊ दे हिला."