अर्ध्या पोटी आठ बॅटऱ्या

सारसोळे, नेरूळ
शुक्रवार

चिरंजीव मिथुन यास,

देवजीमामाचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळी ठीक आहोत, माझा गुडघा सोडून. तुझी तब्येत कशी आहे, मस्कतचं पाणी बाधलं तर नाही ना, हे मामी रोज विचारते आणि उत्तर मला द्यावं लागतं. हे पत्र तुझी मामेबहीण जागृती फोटो काढून तुझ्या मोबाईलवर धाडणार आहे. (तिला माझं अक्षर वाचायचा कंटाळा येतो, म्हणून बिनधास्त लिहितोय.) फोनच का नाही केला, असं तुला वाटेल. अरे, फोनवर तू मध्येच "मग?" असं विचारतोस आणि माणूस गडबडून खरं बोलून जातो.

विषय तुझ्या बॅटऱ्यांचा. जाताना तू हळदी शूट करायचा ड्रोन आणि त्याच्या आठ सुट्या बॅटऱ्या माझ्या हवाली केल्यास, सोबत एक कागद दिलास. दहा महिने वापर नाही, तेव्हा पूर्ण भरून ठेवू नका, अगदी रिकाम्याही नको, निम्म्या भरलेल्या ठेवा. थंड आणि कोरड्या जागी. टोकं धातूला लागू देऊ नका. अधूनमधून किती भरल्यात ते बघा. मिथुन, तुर्भ्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. एक वायसर इकडचा तिकडे झाला नाही. (एकदा एक पाना हरवला होता, तो साहेबाच्याच गाडीत सापडला. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो.) वैशाखात तू आल्या आल्या अलिबागच्या हळदीची ऑर्डर आहे आणि तुझा धंदा पुन्हा उभा राहायचा तो याच सामानावर, हे मला पुरतं ठाऊक होतं. मी रीतसर सही करून माल ताब्यात घेतला.

पहिली अडचण कोरड्या जागेची. खाडीच्या काठी पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते, माझ्या निवृत्तीच्या सर्टिफिकेटवर तर साहेबाची सही पसरून तो सगळा कागद निळा झालाय. मामी म्हणाली, या घरात चारही महिने ठणठणीत कोरडी राहते अशी जागा एकच, तिच्या सुकटीचा डबा. बोलणं बिनतोड होतं. मी टोकांना चिकटपट्टी लावली, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घातली आणि जवळा नि सोडे यांच्या मधोमध आठही ठेवून दिल्या. आता त्यांना थोडा वास येतो. थोडा म्हणजे, शेजारचं मांजर आमच्याकडे राहायलाच आलंय.

दुसरी अडचण तुझी मामी. तुझा कागद मी तिला वाचून दाखवला, तिथेच चुकलो. "पोराचा सामान अर्धे पोटी ठेवाचा? आपले घरान कोनी अर्धे पोटी र्‍हाला हाय का?" असं म्हणून तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तुला मस्कतला मीच उपाशी ठेवलंय. त्यानंतर मी जेट्टीवर गप्पा मारायला गेलो की ही एकेक बॅटरी काढून चार्जरला लावायची, काठोकाठ भरेपर्यंत. मी दर रविवारी डबा उघडून मोजायचो. आठ म्हणजे आठ. भरल्यात किती, हे बघायचं मला सुचलंच नाही, कारण स्टोअरमध्ये आम्ही फक्त नग मोजायचो.

चौथ्या महिन्यात एक बॅटरी फुगली. मामीला दाखवली, तर ती खूश! म्हणाली, बघा कसं बाळसं धरलंय, आपल्या घरचं मानवलं लेकराला. ती दृष्ट काढायला निघाली होती, मीठ-मोहऱ्या मी हातातून काढून घेतल्या. तेवढ्यात जागृती कॉलेजातून आली आणि तिने किंकाळीच फोडली. फुगलेली बॅटरी कधीही पेटते, दाबू नका, भोसकू नका, चार्ज तर करूच नका, असं ओरडत तिने ती वाळूच्या मडक्यात घालून मोकळ्या गच्चीवर नेली आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक भंगार घेतात तिथे देऊन आली. आपल्या हातून पोराचं नुकसान झालं म्हणून मामी दोन दिवस धड जेवली नाही रे.

उरल्या सात, पण त्याही तुडुंब. त्या निम्म्यावर आणणं भाग होतं, आणल्या. (कशा, ते सावकाश सांगेन.) आता मागच्या खोलीत, गॅसपासून लांब, प्रत्येकीला वेगळं मडकं दिलंय आणि चार्जर माझ्या उशाखाली असतो. तर बाळा, एक नग कमी भरला, ही चूक माझ्या स्टोअरची. मला फार लाज वाटते. मला हवं तेवढं बोल, मामीला काही बोलू नकोस.

तुझा मामा,
देवजी

ता. क. येताना मस्कतहून तसलीच एक बॅटरी आण. विमानात हातातल्या बॅगेतच ठेव, असं जागृती सांगतेय.

ता. क. दुसरा. कार्टीने पत्र वाचलं! "कशा आणल्या" ते लिहिल्याशिवाय फोटो काढणार नाही म्हणते. तर ऐक. भरलेली बॅटरी निम्मी करायची म्हणजे ती वापरायला हवी, आणि ती बसते फक्त तुझ्या ड्रोनमध्ये. मी जेट्टीवर उभा राहून एकेक बॅटरी घालून उडवली. सहा वेळा असा झकास उतरवला की धनाजी कोळ्याने टाळ्या वाजवल्या. सातव्या वेळी घारी आल्या. वासावर आल्या असणार. एक नाही, तीन. मी घाबरून कुठलं तरी बटण दाबलं. भर भरतीची वेळ होती. धनाजीने लगेच होडी घातली, दोन तास जाळं टाकलं, त्यात दोन चिंबोऱ्या आणि एक पंखा आला. पंखा जपून ठेवलाय.

ता. क. तिसरा. तेव्हा वर जिथे सात लिहिलंय तिथे सहा वाचावं. सहाच्या सहा निम्म्या भरलेल्या आहेत, थंड आहेत, कोरड्या आहेत, अगदी तुझ्या कागदाबरहुकूम. बॅटरी आणायच्या भानगडीत पडू नकोस. येताना फक्त एक ड्रोन घेऊन ये.