व्हर्नेलची बोली

चेंदणी, ठाणे
मार्च १९९१

प्रिय सुहासिनी,

तुझ्या अनुवादाची पानं मिळाली आणि अगं, आमच्या घरात नुसता गोंधळ! त्या अमेरिकन कादंबरीतल्या काळ्या स्वयंपाकिणीला, व्हर्नेलला, तू आमची कोळी बोली दिलीस आणि शब्द बरोबर आहेत का बघ, एवढंच लिहिलंस. मी दुपारी ओटीवर बसून मोठ्यानं वाचायला लागले. मनुआत्या नुकतीच मासळी विकून आलेली. पुस्तकातली बाई आपल्यासारखी बोलते म्हणून ती इतकी हसली, की शेजारच्या बायकाही येऊन बसल्या.

मग आत्यानं विचारलं, "ही आमचेसारखी बोलते, न् तिची गोरी मालकीन तुझे डोंबिवलीचे मैतरनीसारखी. असा कनाला?" तिथल्या काळ्यांचं इंग्रजी गोऱ्यांपेक्षा वेगळं असतं, असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आसल. पन मालकिनीसमोर ती आशी मोकली बोलंल का? मी गिऱ्हाइकाशी बोलते तशी घरान बोलते का?"

मी ताडकन उठलेच! कॉलेजात असताना तुमच्या डोंबिवलीच्या घरी यायचे, तेव्हा जिना चढतानाच माझं 'नाय'चं 'नाही' व्हायचं. तुझ्या आईनं कधी काही म्हटलं नाही, तरीही. माझं घरातलं बोलणं तू ऐकलंसच कुठे? म्हणून तुझी व्हर्नेल सगळीकडे एकसारखीच बोलते.

मग मी ती पानं पुन्हा लिहिली. मालकिणीच्या स्वयंपाकघरात ती जपून, मोजकं, शुद्ध बोलते. बहिणीशी मात्र बोलीत भांडते, मस्करी करते. आणि बहीण तापानं फणफणलेली असताना मालकीण व्हर्नेलला पार्टीसाठी थांबवते ना, तिथे पहिल्यांदाच गोऱ्या बाईच्या तोंडावर तिची बोली बाहेर पडते: "मी नाय थांबाची. माजी बहीन एकली हाय." हे मी ओटीवर वाचून दाखवलं. तशी आत्या ओरडली, "आता बोलली गो बाय!"

ती पानं सोबत पाठवलेली नाहीत, मुद्दामच. नुसते शब्द तपासून देणारी मला राहायचं नाही. हा अनुवाद दोघींनी करू, मुखपृष्ठावर दोघींची नावं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झालेला नाही. पटत नसेल तर तसं स्पष्ट लिही. पटलं तर रविवारी पुढची पानं घेऊन इथेच ये; आमच्या ओटीवर तू अजून एकदाही बसलेली नाहीस. व्हर्नेलची नोकरी गेली की राहिली, ते कळल्याशिवाय या बायका मला जेवू द्यायच्या नाहीत.

तुझीच, वाट बघणारी,
सरस्वती