वरकसातली झाडे उभी राहावीत म्हणून

मी, राही महिपत गोताड, वय २६, शिक्षण बी.एस्सी. (कृषी), राहणार मौजे किंजळवहाळ, तालुका व जिल्हा रत्नागिरी, आज घरच्या पडवीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर हलते आहे ते आजाराने. डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. रक्ताच्या या आजारात आता फार दिवस उरले नाहीत, असे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले आहे.

१. बँकेतील माझी शिल्लक आणि कानातल्या कुड्या आईला. आई, कुड्या घालत जा, डब्यात ठेवू नकोस.

२. उतारावर चरांची रेषा आखायची बांबूची चौकट माझ्या वडिलांना, आप्पांना. ती त्यांनीच मला बांधून दिली होती. माझे पदवीचे प्रमाणपत्र भिंतीवरून काढले तरी चालेल. आमच्या घरातली पहिलीच पदवी म्हणून आप्पा ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, आणि मला पुढच्या कलमातली गोष्ट आठवते.

३. खालच्या वाडीच्या झऱ्याची चूक माझी आहे, हे इथे लिहून ठेवते. चार वर्षांपूर्वी मी नुकतीच शिकून आले होते. वैशाखात झऱ्याची धार बारीक व्हायची, म्हणून मी कुंड खोल करायला सांगितले. झऱ्याशेजारी राहणाऱ्या कमळाकाकी काठावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाय, पानी आपल्या पायानं येताय. त्याला खेचू नुको."

"काकी, याला शास्त्र म्हणतात," मी हसून म्हटले.

जांभ्याखाली शेडी, म्हणजे चिकण मातीचा थर असतो. त्याच्यावर पाणी अडते, म्हणून झरा वाहतो. हे मी परीक्षेत लिहिले होते. तरीही पहारीने तोच थर फोडायला लावला. तिसऱ्या दिवशी कुंड कोरडे पडले. सुरुवातीला नारळ फोडायला जमलेली वाडी मग म्हणाली, "शिकलेलीनं पानी घालवलान." त्या माणसांवर माझा राग होता. तो आज सोडते. काकी मात्र नदीवरून पाणी आणू लागल्या. दोन हंडे डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून जात, आणि मी पडवीतून आत जात असे.

४. झऱ्याच्या वरच्या अंगाची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, बत्तीस गुंठे, आप्पांनी बक्षीसपत्राने माझ्या नावे केली आहे. तिथल्या ऐन-किंजळाच्या झाडांच्या फांद्या दरवर्षी भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांचे वाफे भाजण्यासाठी, तोडून जाळत. ते मी बंद केले. फोडलेला थर शेडी ठासून बुजवला आणि वर पावसाचे पाणी मुरवायला चर खणायला घेतले. पहिल्याच दिवशी काकी कुदळ घेऊन हजर.

"काकी, तुम्ही कशाला?"

"पानी रुसून गेला. कुनीतरी बोलवायला नुको?"

यंदा शिमग्याला कुंडात धार लागली. एक हंडा भरायला चाळीस मिनिटे. मी घड्याळ लावून बसले होते.

ही जमीन विकून मला मुंबईला उपचारांसाठी न्यावे, असे माझा भाऊ अनिल म्हणतो. घेणारा झाडे काढून जागा सपाट करणार आहे, हे त्याने लपवलेले नाही. "झाडं परत लावू गं! तुला कुठून आणू?" असा तो परवा ओरडला.

दादा, उपचारांनी थोडे महिने मिळतील, एवढेच डॉक्टर म्हणाले. ते मिळावेत असे मलाही वाटते. फार वाटते. पण त्यासाठी दुसऱ्यांदा पाणी घालवणे माझ्याने होणार नाही.

म्हणून ही जमीन मी कमळा शिवा पाष्टे, म्हणजे कमळाकाकी, यांना देते. झाडे तोडू नयेत, बोअर मारू नये, पावसाआधी चर उपसावेत. काकींना हे सांगण्याची गरज नाही. पुढे येणाऱ्यांसाठी लिहिले.

५. माझ्या चितेसाठी वरकसातले एकही झाड तोडू नये. गोठ्यामागे पडलेला आंबा वाळला आहे, तो पुरेल. मी आता फार जड राहिलेली नाही.

६. दादाला काही ठेवलेले नाही. देण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि तीही त्याने माझ्यासाठीच मागितली होती. दादा, रागाव माझ्यावर, पण आईला फोन करत जा.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. खाडाखोड नाही. दोघा साक्षीदारांच्या समक्ष सही करत आहे.

राही महिपत गोताड
मौजे किंजळवहाळ, २० एप्रिल २०२५

साक्षीदार

१. आनंदा विठू गुरव, शेजारी. राहीने माझ्यासमोर सही केली.
(सही)

२. अनिल महिपत गोताड, भाऊ. राहीने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीत होती. कलम ४ मला मान्य नाही. तिचा कागद खोटा पडू नये म्हणून सही करतो.
(सही)