सपाट फरशी

जरीपटका, नागपूर
६ जानेवारी २०२५

ती. सिंधूताईंस,
सविनय जय भीम. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, असं मी मागच्या तीन पत्रांत लिहिलं. ते खरं नव्हतं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, याचा मी फायदा घेतला. आवाज ऐकला असता तर तुम्ही ओळखलं असतं.

तुमच्या भावाला कंपवात झाला आहे. दीड वर्ष झालं. हात थोडा थरथरतो, पण खरा त्रास पायांचा. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. बाथरूमच्या दारात, बँकेत, रस्ता ओलांडताना. अंग पुढे जातं, पाय मागे राहतात. ताईले सांगू नको, ते घाबरून जाईन, अशी त्यांची ताकीद होती.

गल्लीत वेगळंच बोलतात. मागच्या महिन्यात हे विहारात रविवारचं वाचन करायला उठले आणि चार पावलांवर सतरंजीवर कोसळले. समितीचे भैय्याजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, काही दिवस घरीच राहा गा, लोक पाहून राहिले. घरी आल्यावर हे म्हणाले, तीस वर्षं मी लोकांची दारू सोडवली, आता मीच पितो असं वाटते भैय्याले. आजार सांगून टाका म्हटलं. कीव नको, म्हणाले.

डॉक्टरांनी तालावर चालायला सांगितलं. गल्लीतली रितिका एका हॉलमध्ये जोडीचे नाच शिकवते, वॉल्ट्झ, चा-चा-चा, साल्सा. चार महिन्यांपासून हे जातात. जोडी लागते म्हणून मीही. तालावर पाय सुटतात, हे मी पाहिलं आहे. छप्पनाव्या वर्षी मी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उलटी चालते.

आता २५ तारखेला तिथे कार्यक्रम आहे. आधी शिकणाऱ्यांचे नाच, नंतर फ्लोअर सगळ्यांसाठी मोकळा. यांनी मला न विचारता वॉल्ट्झसाठी आमचं नाव दिलं. भैय्याजींची नात पिंकी साल्सा करणार आहे, म्हणजे भैय्याजी पहिल्या रांगेत. त्यांच्यासमोर पाय चिकटले तर लोकांची खात्रीच होईल. नाव काढून घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. तुम्ही लिहिलं तर ऐकतील.

तुमचा राग मी सोसेन. माया कमी करू नका.

तुमची
भावना


सावरगाव, ता. नरखेड
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. भावनास,
अनेक आशीर्वाद. जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. रागात होते.

काहीतरी बिघडलं आहे हे मला ठाऊक होतं. तुझ्या पत्राखाली धम्मानंद चार ओळी लिहितो ना, त्या मी सगळ्या काढून क्रमाने लावल्या. दोन वर्षांपूर्वीचं अक्षर हरभऱ्याएवढं. दिवाळीचं मोहरीएवढं. ओळ सुरू होते तेव्हा बरी असते, शेवटी मुंग्या. चौतीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. अक्षर बारीक झालं की पोरगं काही लपवून राहिलं, एवढं मला कळतं. मला वाटलं, माझ्यावर रुसला.

नाव काढून घे, असं मी त्याला लिहिणार नाही. वाचन सुटलं त्याचं. आणखी एक गोष्ट सोड म्हणून मी कोण सांगणार?

एक विचारते. जिना चढताना तो अडतो का? तू लिहिलेल्या सगळ्या जागा सपाट आहेत. पावसाळ्यात इथे आला तेव्हा बागेतले पाण्याचे पाट एकामागून एक ओलांडत गेला. एकाही ठिकाणी थांबला नाही. आणि माझ्या ओसरीत मात्र भिंत धरून उभा. काय झालं गा, म्हटलं, तर मुंगी चावली म्हणाला. जिथे ओलांडायला काही असतं तिथे तो चालतो, असं मला वाटतं. डॉक्टरांना विचार. मी मास्तरीण आहे.

सोबत दुरेघी वहीची दहा पानं पाठवते. रोज चार ओळी लिहायच्या. अक्षर दोन्ही रेघांना टेकलं पाहिजे. कुरकुर केली तर माझं नाव सांग.

आणि तू वं, उलटं चालताना पदर नीट खोच. नाहीतर पहिली तूच पडशील आणि भैय्याजी तुझाच वास घेतील. मला यायचं होतं. गाणं ऐकू आलं नसतं, पण पाय दिसले असते. गुडघे एसटीत चढू देत नाहीत.

माझा लोभ आहेच. पण यापुढे खरं लिहीत जा.

तुझी
सिंधूताई


जरीपटका
२३ जानेवारी

ती. ताई,
सविनय जय भीम. वि. वि.

जिना ते न अडता चढतात. डॉक्टर म्हणाले, ताईंचं बरोबर आहे, पायापुढे रेघ असली की पाय उचलला जातो. घरात प्रत्येक दाराशी मी पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. हे म्हणतात, घराचा सिग्नल चौक केला तू.

पण हॉलची फरशी गुळगुळीत आहे. एकही रेघ नाही. तिथे पट्ट्या लावू का, असं रितिकाला विचारलं. इतरांचे बूट अडकतील, काकू, म्हणाली. तिचं खरं आहे.

काल सरावात दोनदा अडले. दुसऱ्यांदा त्यांना घाम फुटला. ताप आला असं कळवू का, म्हटलं. तर म्हणाले, तू कायले भेतं वं, भेवाचं काम माझ्याकडं राहू दे.

परवा कार्यक्रम.

आठवण असू द्या. परवा संध्याकाळी जास्त.

भावना


जरीपटका
२७ जानेवारी

ती. ताई,
सविनय जय भीम. वि. वि.

ते पडले नाहीत.

पिंकीनंतर आमचा नंबर होता. फ्लोअरवर आम्ही दोघंच. भैय्याजी पहिल्या रांगेत, मांडीवर मफलर. अर्धा फेरा बरा गेला. वळणावर माझ्या पाठीवरचा त्यांचा हात ताठ झाला आणि पाय थांबले. गाणं पुढे गेलं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, मी मोजत होते. मागे कुणीतरी हसलं. भैय्याजींनी मान खाली घातली.

या नाचात तो पुढे आला की तिने मागे जायचं असतं. चार महिने मी तेवढंच शिकले. मी मागे गेले नाही. माझा पाय त्यांच्या बुटापुढे आडवा ठेवला आणि म्हटलं, पाट आहे, ओलांडा. त्यांनी खाली पाहिलं. ओलांडला. मी दुसरा ठेवला. तोही ओलांडला. तिसऱ्या पावलाला ताल सापडला. पुढे आणखी दोनदा अडले, दोनदा पाय ठेवला. एकदा बूट माझ्या अंगठ्यावर पडला. गाणं संपलं तेव्हा आम्ही उभे होतो. रितिका म्हणाली, काकू, हे मी शिकवलं नव्हतं.

भैय्याजी भेटायला आले. हात जोडताना फार जवळ आले. वास घेत होते. यांनाही ते कळलं. यांनी त्यांच्या तोंडावर जोरात श्वास सोडला आणि म्हणाले, घे भैय्या, नीट हुंग, दुपारी वांग्याची भाजी खाल्ली. मग आजाराचं नाव सांगितलं. कुणाला घरचा पत्ता सांगावा तसं. भैय्याजी बराच वेळ मफलरची घडी घालत राहिले. शेवटी विचारलं, पुढच्या रविवारी वाचाले येशीन काय गा. हे म्हणाले, येतो, पण भावना संगं येईन, पुढं पाय ठेवाले.

मग फ्लोअर सगळ्यांसाठी मोकळा झाला. हे पुन्हा हात पुढे करून उभे. मला खुर्चीवरून उठता येईना. ते शेजारी बसले आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरून राहिले.

खाली त्यांच्या ओळी आहेत. तुमचं लक्ष असू द्या, दोघांवर.

भावना


ताई,
जय भीम.

तुझ्या पानांतलं हे नववं. तुझी भावजय सांगणार नाही, पण तिचा अंगठा सुजला आहे. चप्पल चढत नाही. तरी रविवारी येते म्हणते.

सतरंजीवरून पुढे वाचायच्या जागी जायला चार पावलं आहेत. मी आज रिकाम्या विहारात जाऊन मोजून आलो. भेव आहे.

शेवटचा शब्द रेघेला टेकला नसेल तर लाल खूण करून पान परत पाठव. मी पुन्हा लिहीन.

तुझा
धम्मानंद