‘स्वमग्न’ऐवजी

फुलसावंगी,
दि. १९ नोव्हेंबर २००६

चि. राजदीप यास,
ताईचा जयभीम व अ. आ.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. दिपालीला म्हणावं, लोणच्याची बरणी इतक्यात धुऊन ठेवू नकोस, ती कुणामुळे रिकामी होते ते मला ठाऊक आहे. आई बरी आहे, गुडघा सोडून. इकडे वेचणी चालू आहे आणि कापसाच्या भावाचं तू पेपरात वाचतोसच, त्यामुळे मी पुन्हा लिहीत नाही.

फोन केला नाही, कारण कॉइन बॉक्स किराणा दुकानात आहे आणि माझं बोलणं संपेपर्यंत तिथे कुणाचीच साखर मोजून होत नाही.

ती बातमी तू पाहिली असशील. तिकडे दूरच्या कुठल्या शहरात एका तरुणाने शेजारच्या नवरा-बायकोला कुऱ्हाडीने मारलं. पेपरात मोठ्या अक्षरांत छापलं, ‘स्वमग्न तरुणाचे क्रौर्य’. टीव्हीवर तर दिवसभर तोच शब्द लाल पट्टीवर पळत होता.

आता गंमत बघ. यवतमाळात तुझ्या शेजाऱ्यांना हा शब्द कळला नसेल. आमच्या फुलसावंगीत मात्र तो प्रत्येक बाईला कळतो, कारण तो मी शिकवलाय. नागपूरच्या डॉक्टरांनी उर्वशीला बघून हा शब्द दिला, तेव्हा तू बरोबर होतास. मी तो घरी आणला आणि अंगणवाडीच्या फळ्यावर लिहिला. जो कुणी माझ्या पोरीला येडी म्हणेल त्याला तिथल्या तिथे टोकलं. माझी मदतनीस धुरपताबाई कितीतरी महिने सोमग्न म्हणायची, तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं. पालकसभेत लसीकरणाच्या आधी मी हाच विषय घ्यायची. येडेपण वेगळं, हे वेगळं, असं सांगून सांगून माझा घसा बसला.

उर्वशी रोज माझ्याबरोबर अंगणवाडीत येते, कोपऱ्यात बसते, आणि लहान लेकरांच्या टाळूचा वास घेते. सोळा वर्षांची झाली तरी तिचं ते सुख आहे. लेकरं आपणहून तिच्यापुढे डोकं वाकवायची. बातमीनंतरच्या सोमवारी ती बिजलीबाईच्या नातीच्या टाळूला नाक लावून बसली होती. बिजलीबाई आली, नातीला उचलून पदराखाली घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी अर्धी लेकरं आली नाहीत. हापशीवर मी विचारलं तर बिजलीबाई म्हणाली की बाई, तूच तं सांगतलं होतं का हे येडेपण नाई, दुसरं काई हाय म्हून. आता कळलं आमाले दुसरं काय हाय ते.

तू त्या पेपरच्या कचेरीत जाऊन एवढंच विचार, की त्या खुनी पोराला स्वमग्न कुठल्या डॉक्टरने ठरवलं.

कळावे. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ममताताई


यवतमाळ,
दि. २७ नोव्हेंबर २००६

ती. ममताताईस,
सविनय जयभीम वि. वि.

बरणी रिकामी झाली आहे. चौकशी करू नये.

आगारातून जेवणाच्या सुट्टीत पेपरच्या कचेरीत गेलतो. ज्याने तो मथळा दिला तो मुलगा माझ्याहूनही लहान आहे. भला वाटला, चहा पाजला, मूळ बातमी शोधून दाखवली. ताई, त्यात कुठलाच डॉक्टर नाही. वार्ताहराने शेजाऱ्यांना विचारलं आणि शेजारी म्हणाले की पोरगा एकलकोंडा होता. तेवढंच आहे. एकलकोंडा मथळ्यात बसेना. शिवाय त्या मुलाला तो शब्द गावंढळ वाटला. स्वमग्न म्हणजे आपल्यातच रमलेला, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तो टाकला. आखूडही आहे आणि सभ्यही आहे, असं तो मला समजावत होता. टीव्हीवाल्यांनी मग पेपरातून उचलला.

मी त्याला उर्वशीबद्दल सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. तो म्हणाला, संपादकांच्या नावे पत्र लिहा, आम्ही छापू. मी तिथेच बसून लिहिलं. निनावी पत्र ते घेत नाहीत, म्हणून माझं नाव, तुझं नाव, गाव, उर्वशीचं वय, सगळं खरं लिहिलं. मुंगीलाही न दुखावणारी पोर आहे, हेही लिहिलं. आता लोक वाचतील आणि शांत होतील. तू भाकरी खाऊन निवांत झोप.

आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवतोय. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा,
राजदीप


फुलसावंगी,
दि. ८ डिसेंबर २००६

चि. राजदीप यास,
जयभीम व अ. आ.

वि. वि. तेल मिळालं. आईला आवडलं नाही, पण लावते.

तुझं पत्र छापून आलं. तू पाहिलं असशीलच, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही. पत्रांच्या जागी नाही आलं. चोऱ्या-खुनाच्या पानावर चौकटीत आलं, आणि वर मथळा आहे, ‘फुलसावंगीतही स्वमग्न तरुणी’. खाली तुझी मुंगी आहे. तिथवर कुणी वाचलं नाही.

चौथ्या दिवशी कॅमेरेवाला आला. कापसापायी गेल्या दोन वर्षांत या भागात इतके कॅमेरे येऊन गेले की कुठे उभं राहायचं ते लेकरांनाही कळतं. हा मात्र आमच्याच दारात उभा राहिला आणि बंद दाराचं चित्र घेऊन गेला. दार बंद होतं, कारण आमच्या पर्यवेक्षिकाबाईंनी बजावलंय, की उर्वशी अंगणवाडीत दिसता कामा नये. त्यांचाही नाइलाज आहे, तक्रारी वरपर्यंत गेल्यात. तुझे भाऊजी शेतात असतात, आईच्याने ती आवरत नाही. म्हणून मी सकाळी बाहेरून कडी लावून जाते.

उर्वशी तळहाताने दार वाजवत बसते. न थांबता वाजवते. रस्त्याने जाणारे ऐकतात आणि एकमेकांना सांगतात की पाहा, पोट्टी कशी पिसाळली.

गावाच्या वतीने गुलाबसिंगभाऊ घरी येऊन गेले. माणूस चांगला आहे, आवाज चढवला नाही. म्हणाले, बाई, आमी तुमाले वाईट म्हनत नाई, पन आमाले लेकराइची भीती वाटते, अमरावतीकडे अशा पोरींची संस्था हाय म्हन्तात, तिथं ठेवा. जानेवारीत सगळ्यांना बोलावून ठरवायचं म्हणतात. तिला घरी राहू द्यायचं की नाही, हे आता गाव ठरवणार.

मला राग यायला हवा. येत नाही. खिचडी शिजवते, उरलेल्या लेकरांना वाढते, वजनं घेते. तुझ्यावरही रागावले नाही, तेवढंही अंगात राहिलं नाही. रडूसुद्धा नाही. आई म्हणते, तुले झालं तरी काय. मी म्हणते, काही नाही.

दिपालीस जयभीम. लोभ असू दे.

ममताताई


यवतमाळ,
दि. २२ डिसेंबर २००६

ती. ताईस,
स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून मी पुन्हा त्या कचेरीत गेलो. या वेळी चहा घेतला नाही. काल त्यांनी छापलं, ते कापून सोबत पाठवतो. बाजारभावाच्या तक्त्याखाली आहे, पटकन दिसत नाही, म्हणून मी शाईने खूण केली आहे. ‘गेल्या महिन्यातील एका वृत्तात स्वमग्न ऐवजी एकलकोंडा असे वाचावे.’ बैठकीत हे सगळ्यांना वाचून दाखव. छापलेलं आहे, मानावं लागेल.

रजा काढून अमरावतीची संस्थाही बघून आलो. तुला खरं ते सांगतो. स्वच्छ आहे. भरदुपारी सगळ्या पोरी आडव्या निजल्या होत्या आणि एकही जागी नव्हती. ताई, तिला तिथे पाठवू नकोस. वाटलं तर आमच्याकडे पाठव. खोली एक आहे, पण दिपालीनेच आधी म्हटलं.

मी जे लिहून बसलो त्याबद्दल काय लिहू ते सुचत नाही. रोज कामावर जातो. माया आटू देऊ नकोस.

राजदीप


फुलसावंगी,
दि. १८ जानेवारी २००७

चि. राजदीप यास,
जयभीम व अ. आ.

वि. वि. उर्वशी घरी आहे आणि घरीच राहणार. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू घाबरत वाचणार नाहीस.

बैठक अंगणवाडीच्या ओट्यावर झाली. मी तुझं कात्रण वाचून दाखवलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग किसनसिंगने विचारलं की तो पोरगा एकलकोंडा होता हे समजलं, पन तुमची पोरगी काय हाय. मी म्हटलं, स्वमग्न. राजदीप, सगळे पुन्हा तसेच बसले, जसे वाचायच्या आधी बसले होते. छापलेलं त्यांनी मानलं, पण तो शब्द एकदा रक्तात बुडून आला होता, तो काही धुऊन निघाला नाही.

तेवढ्यात बिजलीबाईने मला सरळ विचारलं, मंग ते येडी नाई ना, बाई.

मला घरून दार वाजल्याचं ऐकू येत होतं. मी म्हटलं, आहे. येडीच आहे. डॉक्टर चुकले.

त्यांचे चेहरे कसे मोकळे झाले ते तू बघायला हवं होतं. गुलाबसिंगभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. बिजलीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, आधीच काहून नाई सांगतलं व, आमी कायले भेलो असतो, येडीले कोन भेते. आमच्या माहेरी बी एक होती, म्हणाली, सारं गाव तिले जेवू घाले. मग तिनेच घरी येऊन आमच्या दाराची कडी काढली.

आता लेकरं येतात. उर्वशी कोपऱ्यात बसून टाळूचे वास घेते. बिजलीबाई नातीला तिच्या मांडीवर ठेवून खुशाल सरपण आणायला जाते. संक्रांतीच्या तिळातली पहिली मूठ तिला मिळाली. सगळे तिच्याशी बरे वागतात, पूर्वीपेक्षा बरे. मला आनंद व्हायला हवा म्हणून मी वाट बघते आहे. फळ्यावर मी इतकी वर्षं जे लिहिलं ते पुसून टाकलं. पुढच्या महिन्यात नागपूरची तारीख आहे, तिथे आम्ही येणार नाही. डॉक्टर विचारतील कशी आहे, आणि मी त्यांना चुकलेले ठरवून बसले आहे.

एक सांगायचं राहिलं. नावाने हाक मारली तर उर्वशी एका हाकेत कधी उठत नाही, तुला ठाऊक आहे. काल धुरपताबाईने अंगणातून तिला जेवायला बोलावलं, ये व येडे, म्हणून. प्रेमाने म्हणाली. आणि उर्वशी उठली, राजदीप. पहिल्या हाकेला उठून गेली.

लोभ आहेच. तू मात्र पत्रात तिचं नाव लिहीत जा.

तुझी,
ममताताई