अकराव्या क्रमांकाची मागणी

बाबा, आज शुक्रवार, म्हणजे इथे कतारमध्ये सुट्टी. अल वक्राच्या आमच्या स्वयंपाकघरात शेगडीवर घावणे आणि शेजारी ओट्यावर लॅपटॉप, अशी मी सकाळपासून तुमचं काम करतेय. तुमचं म्हणजे आपल्या नगरपरिषदेचं. माझी शाळेतली मैत्रीण आता तिथली नगराध्यक्ष आहे. अधिवेशनाआधी तिला मंत्र्यांसमोर पाच मिनिटं मिळालीत, आणि शहराला राज्याकडून कोणते कायदे बदलून हवेत त्याची यादी तिला दुपारपर्यंत हवी होती. "तू कंपनीत टेंडरं लिहितेस ना? मग लिही. तुझ्या बाबांच्या हातची जायची तशी," असं तिने फोनवर फर्मावलं.

तुमच्या हातची यादी कशी व्हायची ते मी पाहिलंय. तुम्ही हेडक्लार्क. अधिवेशन जवळ आलं की कच्चा मसुदा घरी आणायचात आणि आई भाकऱ्या थापत असताना तिला वाचून दाखवायचात. "सबब, शासकीय जागेवर लोकोपयोगी बांधकाम करण्यास नगरपरिषदेस पूर्वपरवानगीविना मुभा असावी." आई तव्यावरची नजर न काढता विचारते, "म्हणजे तुम्हाला हवंय काय?"

"अगं, मासळीबाजारातल्या बायकांना संडास हवाय. जागा सरकारची, परवानगी मुंबईहून यायची, ती येत नाही. म्हणून कायदाच बदला म्हणतोय."

"मग असंच लिहा की!"

"असं लिहिलं तर साहेब म्हणतील, हेडक्लार्कला मराठी येत नाही." मग तुम्ही दोघं हसत सुटता आणि भाकरी करपते.

पण ती मागणी कायम अकरावी. यादी प्रभागांच्या क्रमाने लावायची, म्हणजे कुणी नगरसेवक रुसायला नको, हा तुमचा शिरस्ता, आणि बाजार अकराव्या प्रभागात. मंत्रालयात तिसऱ्या मागणीपुढे कुणी वाचत नाही, हेही तुम्हीच सांगायचात. दारावर मासे घेऊन येणारी मावशी विचारायची, "भाऊ, गेलं काय आमचं वर?" तुम्ही म्हणायचात, "गेलं." "दरसाल जातंय, पोचतंय कधी?" असं म्हणत ती आपल्या टोपात एक बांगडा जास्तीचा टाकायची.

संडास अजून झालेला नाही, बाबा. बाजारात मावशीच्या जागेवर आता तिची सून बसते, आणि बाजार उठेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. मैत्रिणीने हे सहज बोलता बोलता सांगितलं. मग मी पहिल्या पानावर ती एकच मागणी ठेवली, आईला कळली होती त्या शब्दांत. बाकीच्या सोळा प्रभागांच्या मागे जोडल्या. लेकीला वाचून दाखवलं. ती मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. "आई, इट्स सो क्लिअर. व्हाय डिडन्ट दे जस्ट आस्क लाइक धिस?" म्हणाली आणि माझ्या ताटातला घावणा उचलून गेली.

यादी पाठवली आणि नगराध्यक्षांचा फोन लगेच आला. "अगो, बाकीचे सोळा नगरसेवक मला कच्ची खातील!"

"सांग त्यांना, कतारवाल्या बाईने घोळ घातला म्हणून. शिव्या मला घालू देत."

"तुझं काय जातंय? तू बसलीस वाळवंटात. मला रोज त्यांच्यात बसायचंय." मग तिने ते पहिलं पान मोठ्याने वाचलं. "बरं, राहू दे पहिली. बघून घेईन मी एकेकाला. मावशीच्या सुनेलाच घेऊन जाते मुंबईला, मग बघू कोण पान उलटतंय!" आणि आम्ही शाळेतल्यासारख्या खिदळलो.

फोन ठेवल्यावर मात्र तिचं वाळवंटाचं बोलणं मनातून जाईना. कॉलेजात असताना मी तुम्हाला एकदा फाडकन म्हटलं होतं, "तुम्ही घाबरता नगरसेवकांना." तुम्ही चष्मा पुसलात आणि विचारलंत, "चहा घेतेस?" त्यावर मी अनेक वर्षं स्वतःला तुमच्यापेक्षा धीट समजत आले. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून सांगून टाकते: आज सकाळी माझा पहिला मसुदाही प्रभागांच्या क्रमानेच झाला होता.